माया

तालुक्याच्या गावी एक बाई शिवणकाम करून घर चालवायची. वय चाळिशीचं. दोऱ्याचं टोक खालच्या ओठावर ओलं करायचं आणि सुईत ओवायचं, ही तिची वीस वर्षांची सवय. एके दिवशी उजवीकडे ओठाला दोरा लागल्याचं तिला कळेना. त्याच बाजूची दाढही हलत होती.

ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. म्हणाली, "काढून टाका, डॉक्टर. लग्नसराईचे ब्लाउज पडलेत."

डॉक्टर तरुण होता. दाढ किडलेली नव्हती, हिरडीही धड होती. मग हलते का? त्याने चिमटा खाली ठेवला आणि कापसाची वात ओठावरून फिरवली. बाईला कळलं नाही. एक्स-रेत दाढेच्या मुळाभोवतीची फट रुंदावलेली दिसली. जबड्याच्या कडेला सूर्यकिरणांसारख्या रेषा फुटल्या होत्या.

"मावशी, दाढ मी काढणार नाही. आधी मुंबईला दाखवा."

शेजारीण म्हणाली, "त्याला येत नसेल." तरी बाई चिठ्ठी घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात गेली.

तुकडा तपासला. ऑस्टिओसार्कोमा निघाला. हाडाचा हा कर्करोग बहुधा वाढत्या मुलांच्या गुडघ्याजवळ होतो, जबड्यात क्वचितच. पसरला की आधी फुप्फुसं गाठतो. तिची फुप्फुसं स्वच्छ होती.

सर्जन म्हणाले, "गाठीभोवतीचं चांगलं हाडही काढावं लागेल."

बाई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माया सोडून कापायचं."

पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड घेतलं. त्याला जबड्याचा बाक दिला, पट्टीने जोडलं. त्याची रक्तवाहिनी मानेतल्या वाहिनीला केसाहून बारीक दोऱ्याने शिवली. तपासणीत कापल्या कडा रोगमुक्त निघाल्या. पुढे केमोथेरपी झाली. केस गेले, पुन्हा आले. ओठ मात्र बधिरच राहिला. ती दोरा डावीकडे ओला करू लागली.

दाढ उपटणं त्या तरुणाला पाच मिनिटांचं काम होतं. बाई तेच मागत होती, पैसेही देत होती. मग जखम भरायची वाट बघण्यात महिने गेले असते आणि गाठ वाढत राहिली असती. त्याचा हात थांबला, म्हणून सर्जनना माया सोडायला जागा उरली.

दिवाळीला ती त्याच्याकडे गेली. पिशवीतून तिने पांढरा कोट काढला, स्वतः शिवलेला. त्याने आतली शिवण चाचपली. दोन्ही बाजूंना चांगली दोन-दोन बोटं कापड राखलं होतं.

"असू दे," बाई म्हणाली. "अंग भरेल तुमचं पुढे."