निद्रा, निमित्त आणि अश्वगंधा

झोप यावी म्हणून वनस्पतीचे चूर्ण किंवा गोळी घेणे ही वरकरणी केवळ वैद्यकाची बाब असली, तरी तिच्या पोटात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे: निद्रा ही मनुष्याने निर्माण करावयाची वस्तू आहे, की आड आलेले दूर झाले म्हणजे स्वभावतःच येणारी अवस्था? ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत हा प्रश्न रोजच्या जगण्यातून उभा राहतो. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आलेल्या लोहमार्गाने या गावांचा दिवस मुंबईच्या कामाच्या वेळांना बांधला. पहाटे डबा भरण्यापासून रात्री उशिरा घरी परतण्यापर्यंत लांबलेल्या त्या दिवसाने रात्र दोन्ही टोकांनी कुरतडली, आणि उरलेल्या तासांत झोप हुकमी यावी या अपेक्षेने अश्वगंधेची बाटली उशाशी आली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे उपस्तंभ, म्हणजे त्याला सावरून धरणारे आधार, म्हटले आहे. त्याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रेचे प्रकार सांगताना केवळ रात्रीच्या स्वभावामुळे येणाऱ्या निद्रेला भूतधात्री, म्हणजे प्राणिमात्रांचे पोषण करणारी, असे गौरवले आहे. तमोगुणातून, कफातून, श्रमातून किंवा व्याधीतून येणाऱ्या निद्रा वेगळ्या मानल्या आहेत. निद्रानाशाच्या कारणांत वय, व्याधी, प्रकृती आणि वात यांच्याबरोबर कार्य, म्हणजे कामात गुंतून राहणे, हेही कारण दिले आहे. उपायांच्या यादीत अभ्यंग, स्नान, दूध, मनाला रुचणारे गंध आणि ध्वनी, अंग चेपणे, नीट अंथरलेली शय्या यांच्यासह उचित काळही येतो. अश्वगंधेचा उल्लेख या यादीत नाही. ती त्याच ग्रंथात बल देणाऱ्या आणि शरीर पुष्ट करणाऱ्या द्रव्यांच्या गणांत आहे. उचित काळ हाच जेथे उपाय मानला गेला, तेथे काळ हिरावून घेऊन त्याच्या बदल्यात मुळी देणे हा त्या शास्त्राचा अवलंब नव्हे.

तरीही वनौषधी निरर्थक ठरत नाही, आणि येथे पतंजलीचा एक सिद्धांत उपयोगी पडतो. योगसूत्रांच्या कैवल्यपादात निमित्तकारणाविषयी, म्हणजे परिणाम घडण्यास साहाय्य करणाऱ्या बाह्य कारणाविषयी, असे प्रतिपादन आहे की ते प्रकृतीला प्रवृत्त करीत नाही, ते फक्त आवरण भेदते. शेतकरी पाणी हाताने ओढून नेत नाही, तो बांध फोडतो आणि पाणी आपल्या उताराने वाहते. औषधाचे स्थान या दृष्टीने पाहिले तर स्पष्ट होते. मनाचा ताण हा बांध असेल, तर अश्वगंधा तो काहीसा सैल करू शकते. २०२१मध्ये पाच चाचण्यांतील ४०० सहभागींच्या निष्कर्षांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यात झोपेवर तिचा अल्प पण लक्षात येण्याजोगा परिणाम आढळला. दुसऱ्या बाजूला यकृताला इजा झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत, गर्भवतींनी व थायरॉईडचे औषध घेणाऱ्यांनी ती आपल्या मनाने घेऊ नये असे सांगितले जाते, आणि डेन्मार्कने २०२३मध्ये तिच्यावर बंदी घातली. वनस्पतीजन्य म्हणून निरुपद्रवी, ही समजूत टिकणारी नाही.

पण बांध शरीरात नसून वेळापत्रकात असेल, तर मुळी कोणते आवरण भेदणार? निद्रानाशाला व्यक्तीचा दोष मानण्याची वृत्ती येथेच चुकते, आणि तिला धार्मिक आधारही दिला जातो. गीतेच्या अठराव्या अध्यायात निद्रा व आळस यांतून उपजणारे सुख तामस ठरवले आहे. एकादशी आणि महाशिवरात्रीचे जागरण पुण्यकारक मानले जाते. त्यावरून झोप मागणे हाच दुबळेपणा असा ग्रह काही भाविकांत रुजतो. तो ग्रह एकांगी आहे. गीतेच्याच सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला आणि सदैव जागणाऱ्याला, दोघांनाही, योग साधत नाही असे सांगून निद्रा व जागृती प्रमाणात असावी असे म्हटले आहे. शिवाय व्रताचे जागरण ठरलेल्या तिथीचे आणि स्वेच्छेचे असते. नोकरीने लादलेल्या रोजच्या जागरणाला त्याची प्रतिष्ठा देणे हा अन्याय आहे.

जागरणाची मर्यादा पंढरपूरच्या उपचारांत फार सुंदर रीतीने जपलेली आहे. आषाढी यात्रेत विठ्ठलाचे दर्शन चोवीस तास खुले असते, त्या काळात देवाचा पलंग काढून ठेवतात, पाठीशी लोड देतात आणि शेजारती होत नाही. यात्रा ओसरल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाला स्नान घातले जाते, नित्योपचार पूर्ववत सुरू होतात आणि शिणवटा जावा म्हणून वनौषधींचा काढा दाखवला जातो. या विधीत काढा पलंगाची जागा घेत नाही. जागरण संपते, शय्या परत मिळते आणि तिच्यासोबत काढा येतो. कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशापुढची गर्दी मात्र कोणत्याच तिथीला ओसरत नाही, आणि पलंग परत मांडण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती नाही. तो कामाचे तास ठरवणाऱ्यांच्या, गाड्यांची संख्या ठरवणाऱ्यांच्या आणि उशिरा परतलेल्या माणसाकडून आणखी एका कामाची अपेक्षा धरणाऱ्या कुटुंबाच्याही हाती वाटला गेला आहे.