चोर, संन्यासी आणि बास्केटबॉल

तुमच्या मित्राला कुणी धक्का मारून पाडलं, तर तुम्ही काय कराल? आधी उठाल. विचार नंतर.

१४ मे २००७ रोजी अमारे स्टुडमायरने हेच केलं. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ सुरू होते. सॅन अँटोनिओ स्पर्स आणि फिनिक्स सन्स यांच्यातल्या मालिकेचा चौथा सामना संपायला जेमतेम अठरा सेकंद उरले होते आणि सन्स पुढे होते. तेवढ्यात स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने सन्सच्या स्टीव्ह नॅशला असा धक्का दिला की तो कडेच्या स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळला. मैदानात ढकलाढकली सुरू झाली. बाकावर बसलेले स्टुडमायर आणि बोरिस डिऑ उठून काही पावलं पुढे गेले. प्रशिक्षकांनी त्यांना मागे खेचलं. दोघांनीही कुणाला बोट लावलं नव्हतं.

सन्स तो सामना १०४-९८ असा जिंकले. मालिका २-२ अशी बरोबरीत आली. मग लीगचा निर्णय आला: हॉरीवर दोन सामन्यांची बंदी, स्टुडमायर आणि डिऑवर एकेका सामन्याची. कारण नियम स्पष्ट होता. मैदानात भांडण झालं, तर बाकावरच्यांनी बाकाजवळच थांबायचं. हलला त्याला किमान एका सामन्याची बंदी. का हललास, हा प्रश्नच नाही.

आता हिशोब बघा. हॉरी त्या मोसमात सामन्यामागे सरासरी चार गुणही करत नव्हता. स्टुडमायर वीसहून जास्त करत होता. पाचवा सामना सन्स तीन गुणांनी हरले, सहावाही हरले. स्पर्स पुढे जाऊन विजेते झाले. धक्का खाल्ला सन्सनी आणि जबर किंमतही मोजली सन्सनीच.

अशा वेळी आपल्या तोंडी लगेच म्हण येते: चोर सोडून संन्याशाला फाशी. पण ती इथे नीट बसत नाही. चोर सुटला नव्हता, त्याला दुप्पट शिक्षा झाली होती. आणि संन्याशानेही नियम मोडला होताच. प्रश्न त्याहून अवघड आहे. सगळ्यांना सारखा लावलेला नियम अन्याय करू शकतो का?

आधी नियमाची बाजू ऐकू. १९७७ साली एका सामन्यात भांडण चालू असताना ह्यूस्टनचा रुडी टॉमजानोविच त्या दिशेने धावला. लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनने वळून त्याला ठोसा मारला. टॉमजानोविचच्या कवटीला तडा गेला, जीव थोडक्यात वाचला. तो बाकावरून उठून आलेला नव्हता, खेळतच होता. पण भांडणाकडे धावत येणारा माणूस मारायला येतोय की सोडवायला, हे भांडणाऱ्याला कळत नाही, हे त्या ठोशाने दाखवून दिलं. म्हणून उद्देश न बघता सरसकट अडवायचं, यात शहाणपण आहे.

शिवाय १९९७ साली याच नियमाने न्यूयॉर्क निक्सचा महान खेळाडू पॅट्रिक युइंग एका निर्णायक सामन्याला मुकला होता आणि निक्स ती मालिका हरले होते. मग दहा वर्षांनी स्टुडमायरला सूट कोणत्या तोंडाने द्यायची? 'मोठा खेळाडू आहे, जाऊ द्या' असं एकदा म्हटलं, की नियम फक्त लहानांसाठी उरतो.

इथपर्यंत मला लीगचं पटतं. अडचण पुढे आहे.

त्याच सामन्यात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, दोन खेळाडू एकमेकांत अडकून पडले. तेव्हा स्पर्सचा स्टार टिम डंकन बाकावरून मैदानात आला होता. त्याला शिक्षा झाली नाही. लीगचं म्हणणं: तिथे भांडण झालंच नव्हतं, मग नियम लागू कसा होणार? हे चूक म्हणता येणार नाही. पण 'भांडण' कशाला म्हणायचं, हे कुणी ठरवलं? माणसांनीच. म्हणजे उद्देश बघायचा नाही, परिस्थिती बघायची नाही, असं म्हणणाऱ्या नियमातही कुणाचा तरी विवेक काम करत होताच. तो फक्त शिक्षेच्या कलमातून निघून व्याख्येत जाऊन बसला होता.

'माझ्या हातात काही नाही, नियमच तसा आहे' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. शिक्षा करणाऱ्याच्या हातात काहीतरी असतंच. ते मान्य करून, कारणं उघडपणे सांगून निर्णय देणं जास्त प्रामाणिक आहे. किमान शिक्षा ठेवा, पण ती दंडाची असू द्या. बंदी घालण्याआधी विचारा, तिथे जाऊन त्याने केलं काय? आणि तेच प्रश्न बाकाच्या टोकाला बसलेल्या, कुणाला नावही माहीत नसलेल्या खेळाडूबाबतही विचारा. पक्षपाताचे आरोप होतील. होऊ द्यात. निर्णय घेणाऱ्याला तेवढं ओझं वाहावंच लागतं.

अर्थात, आरोप करणारे आपणही स्वच्छ नाही. त्या दिवशी तेवढीच पावलं टाकून तेवढीच शिक्षा बोरिस डिऑलाही झाली. स्टुडमायर त्या मोसमातल्या लीगच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला होता, डिऑ नव्हता. हा लेख लिहिताना मीही डिऑला एकदाही पहिलं स्थान दिलं नाही.

आपल्याला राग नक्की कशाचा आला होता? अन्यायाचा, की स्टार बाहेर बसला याचा?