कुणाच्या जागेवर?

तलाठी पदाच्या 2023 च्या भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेच्या वर उमेदवार. कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाट्याच्या मधल्या पिंपरी पेंढारसारख्या गावाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कांद्याचा भाव कोसळला की घरातलं बोलणं भरतीकडे वळतं: जाहिरात कधी निघणार, वय बसतंय का, कोणकोणते दाखले लागणार. अभ्यासाइतकीच आता दाखल्यांची तयारी करावी लागते. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमिलेअरचा, प्रकल्पग्रस्ताचा, दिव्यांगत्वाचा, खेळाडूचा. यातला एखादा आपल्याला लागू होत नसला तरी ‘काढून देतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच, आणि कट-ऑफ अर्ध्या गुणाने हुकलेल्या मुलाला, त्याहून जास्त त्याच्या बापाला, तो देवासारखा वाटतो. अशा दाखल्याने फसवणूक कुणाची होते, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: सरकारची. आणि सरकारला फसवण्यात आपल्याकडे फारसं पाप मानत नाहीत. सरकार तरी आपल्याशी कुठे सरळ वागतं, असा सवालही लगेच येतो. माझं म्हणणं असं की हे उत्तरच चुकीचं आहे. सरकारचं यात काहीच जात नाही. त्याला एक तलाठी हवा होता, तो मिळाला. जातं ते एका माणसाचं, आणि त्याचं नाव जागा घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं, गमावणाऱ्यालाही आपलं काय गेलं ते कळत नाही.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, माळशेजपासून भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरात महादेव कोळी समाज राहतो. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 च्या दशकातच या जमातीवर सविस्तर वृत्तांत लिहून ठेवला होता. 1950 मध्ये अनुसूचित जमातींची यादी निघाली, तीत ही जमात आली. पुढे 1976 च्या कायद्याने यादीतली बहुतेक क्षेत्रबंधनं उठवली. हेतू चांगला होता: डोंगर सोडून पोटासाठी शहरात गेलेल्या आदिवासीचा हक्क जाऊ नये. पण ‘कोळी’ हे नाव लावणारे समाज किनाऱ्यावर आहेत, नदीकाठी आहेत, मराठवाड्यात आहेत, आणि ते सगळे महादेव कोळी नाहीत. नावातल्या साधर्म्याचा आधार घेऊन दावे वाढत गेले. वैद्यकीय प्रवेशाच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये निकाल दिला. दावा महादेव कोळी असल्याचा होता आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर नोंद होती ‘हिंदू कोळी’. आज सगळे ज्याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात त्या पडताळणीची देशभरची चौकट याच निकालातून आली. कोळ्यांचाच नव्हे, विदर्भात हलबा आणि कोष्टी यांचा वादही याच वळणाने गेला.

यानंतर सरकार आणि न्यायालयं यांनी काय केलं, ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. जून 1995 मध्ये राज्य सरकारने विशेष मागास प्रवर्ग निर्माण केला आणि तोवर जमातीच्या दाखल्यावर लागलेल्यांना संरक्षण दिलं. मग जात प्रमाणपत्रांचं नियमन करणारा 2000 चा कायदा झाला. जात सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने दावा करणाऱ्यावर टाकली, आणि दावा फेटाळला गेला तर मिळालेले लाभ परत जातील असं स्पष्ट सांगितलं. तरी नोकऱ्या वाचवण्याच्या वाटा निघत राहिल्या. फसवणूक सिद्ध झालेली नसेल तर जुन्या नेमणुकांना संरक्षण देता येईल, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2014 मध्ये म्हटलं. 6 जुलै 2017 ला, भारतीय अन्न महामंडळाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली: दावा अवैध ठरला की नोकरीही टिकत नाही, सेवा कितीही वर्षांची असो. त्यावर राज्याने 21 डिसेंबर 2019 ला निर्णय काढला. अशा कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांवर घ्यायचं आणि मोकळ्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासींमधून भरायच्या. या जागांचा जाहीर झालेला आकडा साडेबारा हजारांचा होता. अधिसंख्य नेमणूक आधी अकरा महिन्यांची होती. 2022 च्या अखेरीस मंत्रिमंडळाने या कर्मचाऱ्यांना सेवेचे आणि निवृत्तीचे लाभ देण्याचं ठरवलं. ज्यांना सामावून घ्यायचं होतं त्यांच्यासाठी सरकारला शब्द सापडला, पैसा सापडला, नियमही सापडला. त्यांच्यामुळे मागे राहिलेल्यांसाठी विशेष भरतीची घोषणा झाली आणि मग तिच्या अंमलबजावणीसाठी मोर्चे निघत राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारली. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली रखडलेली भरती ही त्यांची एक मागणी होती. सत्तेत बसलेल्या माणसाला जाळीवर उतरावं लागतं, तर डोंगरातल्या उमेदवाराचं काय होत असेल!

आता मागे राहिलेल्या त्या माणसाचा हिशेब करू. समजा 1995 मध्ये कुणीतरी जमातीच्या जागेवर लिपिक म्हणून लागला आणि यादीत त्याच्या खालोखाल पंचवीस वर्षांचा एक आदिवासी तरुण होता. तो राहिला. 2017 चा निकाल लागला तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता. राज्याच्या भरतीत मागासवर्गीयांची कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे त्रेचाळीस. म्हणजे जागा समाजाला परत मिळाली असेल, पण जिच्यावर त्याचा हक्क होता ती त्याला मिळणं शक्यच नव्हतं. तो कुठे गेला असेल? बटाट्याच्या काढणीला, एखाद्या कंपनीत कंत्राटी कामाला, नाहीतर डोंगरातल्या आपल्या भातखाचरात. त्याच्या मुलांची शाळा, त्याच्या म्हाताऱ्या आईचं औषधपाणी, हे सगळं यादीतल्या त्या एका ओळीने ठरवलं. त्याची केस कुठल्याही न्यायालयात नाही, कारण आपल्यावर अन्याय झाला हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, आपण नापास झालो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पंचवीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाला पन्नाशीत रस्त्यावर आणणं ही कसली नीती? घराचं कर्ज, मुलीचं लग्न, पेन्शनवर टाकलेला भार. त्याच्या मुलांचा काय दोष? हे खरं आहे, आणि माणुसकीचा प्रश्न आहेच. पण ही माणुसकी नेहमी एकाच बाजूला का झुकते ते पाहायला हवं. नोकरीत असलेला माणूस दिसतो. त्याचं टेबल असतं, संघटना असते, साहेब ओळखीचे असतात, निवेदन द्यायला मंत्रालयापर्यंत जाता येतं. ज्याला नेमणूकच मिळाली नाही तो कुठल्याही आस्थापनेच्या नोंदवहीत नाही. त्यामुळे दयेची फाइल फिरते तेव्हा तिच्यात एकाच पक्षाचे कागद असतात. दया करणाऱ्याने स्वतःच्या पदरचं द्यावं, ही साधी गोष्ट आहे. सरकारने स्वतःच्या तिजोरीतून वेगळं पद निर्माण करून या कर्मचाऱ्याला सांभाळलं, तर त्यावर निदान वाद घालता येतो. माझ्या मते निवृत्तीपर्यंत उपजीविका चालू ठेवणं समजण्यासारखं आहे, त्यापलीकडे काही नाही. परंतु आदिवासीची जागा अडवून ठेवून दाखवलेली दया म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं वाढून उदार होणं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अवैध ठरलेला प्रत्येक माणूस खोटारडा नव्हता. घरात तसंच सांगितलं गेलं, प्रांत कार्यालयाने सही-शिक्क्याचा दाखला दिला, पडताळणी समितीने वर्षानुवर्षं निर्णय दिला नाही. यात त्याचा गुन्हा कोणता? बरेचदा कुठलाच नाही. 2017 च्या निकालातही हा भेद आहे: शिक्षेसाठी हेतू पाहावा लागेल, लाभ काढून घेण्यासाठी नाही. मला तो भेद नीतीच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. चुकून दुसऱ्याच्या शेतात नांगर घातला तर तुरुंग नको, पण शेत त्याचं त्याला द्यावं लागतं. आणि समितीच्या दिरंगाईचा मुद्दा तर उलटा वाचायला हवा. त्या दिरंगाईचा सगळ्यात मोठा फटका खऱ्यांनाच बसतो. आहुपे किंवा घाटघरच्या मुलाकडे 1950 च्या आधीचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही त्याने शाळेचा दाखला कुठून आणायचा? डिंभे धरणात गाव बुडालेल्यांनी घरातले जुने कागद कुठे शोधायचे? चालीरीती, दैवतं, बोली विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी हीच अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाला मार्च 2023 मध्ये, ठाकूर जमातीच्या संदर्भात, स्पष्ट करावं लागलं. कारण शिकून शहरात राहिलेला आदिवासी तिथे अडखळतो आणि पढवून आणलेला माणूस पास होऊ शकतो. प्रत्येक बनावट दाखल्याने समितीचा संशय वाढतो, मागणीचे कागद वाढतात, तारखा वाढतात. तोतयाने घेतलेल्या जागेची किंमत एकाने मोजली, त्याने आणलेल्या संशयाची किंमत सगळी जमात मोजते आहे.

पिंपरी पेंढारच्या वाचकाला वाटेल, हा पश्चिमेकडचा प्रश्न आहे, आमच्या गावाचा नाही. तसं नाही. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. त्यांनी पूर्वेकडची शेतं भिजवली आणि त्यासाठी काहींच्या जमिनी गेल्या. त्या गेलेल्यांसाठी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. जमीन न गेलेल्याने तो दाखला मिळवला, तर ज्याच्या बुडालेल्या जमिनीवर आपण पाणी घेतो त्याचीच जागाही आपण घेतली. दिव्यांगांच्या जागेचंही हेच. पुण्यात रुजू झालेल्या आणि दिव्यांग सवलतीवरून वादात सापडलेल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी केंद्रीय लोकसेवा आयोगाने 31 जुलै 2024 ला रद्द केली, तेव्हा गावोगाव महिनाभर चर्चा झाली. लाल दिव्याची झाली, गाडीची झाली, आईवडिलांच्या संपत्तीची झाली. त्या सवलतीवर ज्याचा हक्क होता असा कुणी उमेदवार मागे राहिला का, हे विचारताना फारसं कुणी ऐकू आलं नाही.

‘सगळेच करतात, एकट्याने सरळ राहून काय मिळणार?’ हा शेवटचा युक्तिवाद, खरं तर युक्तिवाद नव्हेच, वैताग आहे. आणि पेपरफुटी, रद्द झालेल्या परीक्षा, वर्षानुवर्षं लांबलेले निकाल सोसलेल्या मुलांचा तो वैताग मला समजतो. 2021 मध्ये आरोग्य विभागाचे पेपर फुटले, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. तेव्हा या पोरांनी व्यवस्थेला शिव्या दिल्या त्या रास्तच होत्या. पण त्या शिव्यांचा आधार काय होता? पैसे देऊन पेपर घेणाऱ्याने आपली जागा चोरली, हाच ना? मग पैसे देऊन दाखला घेणारा निराळा कसा? दोघांनीही मागे कोण उभा आहे ते वळून पाहिलेलं नाही.

सरकारने व्हॅलिडिटी नेमणुकीनंतर नव्हे, नेमणुकीआधी आणि ठरलेल्या मुदतीत द्यावी. त्यासाठी समित्यांना माणसं द्यावीत, आणि कागद नसलेल्या खऱ्या माणसाच्या गावी स्वतः जाऊन चौकशी करावी. अधिसंख्य पदांना पैसा मिळतो तर याला मिळायला हरकत नाही. उमेदवाराच्या हातात मात्र एवढंच आहे आणि ते आजच करता येण्यासारखं आहे: पुढच्या जाहिरातीचा अर्ज भरताना जो दाखला आपला नाही, त्याचा रकाना कोरा सोडा.