भेग दाखवणारा

४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग बिनतारी संदेशांवर व्याख्यान देत होते. शेवटी गुलिएल्मो मार्कोनी सुमारे ३०० मैलांवरच्या कॉर्नवॉलमधून संदेश पाठवणार होते. आपली यंत्रं ठरावीक लहरींशी जुळवलेली आहेत, तशी जुळवणी नसलेल्या यंत्राला आपले संदेश टिपता यायचे नाहीत, असं मार्कोनींनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं होतं.

ठरलेल्या वेळेआधीच यंत्र बोलू लागलं. मोर्सच्या लिपीत एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : ‘रॅट्स’. पाठोपाठ मार्कोनींची टवाळी करणारं एक कवन आलं. व्याख्यानात गुंगलेल्या श्रोत्यांना याचा फारसा पत्ता लागला नाही, पण यंत्रापाशी उभा असलेला मदतनीस हादरून गेला. हे संदेश लंडनमधूनच येत होते. पाठवणारा होता नेव्हिल मॅस्कलिन, जादूचे प्रयोग करणारा आणि बिनतारी यंत्रांचा उत्तम जाणकार.

फ्लेमिंग संतापले. ‘द टाइम्स’ला पत्र लिहून त्यांनी या प्रकाराला शास्त्रीय गुंडगिरी म्हटलं आणि गुन्हेगार शोधायला वाचकांची मदत मागितली. मॅस्कलिनने त्याच वृत्तपत्रात उत्तर देऊन ‘तो मीच’ असं सांगून टाकलं.

मॅस्कलिनचे हात अगदी स्वच्छ होते असं नाही. समुद्राखालच्या तारांचा धंदा करणाऱ्या कंपनीने त्याला मार्कोनींच्या मागावर नेमलं होतं, आणि मार्कोनींच्या पेटंटांमुळे त्याची स्वतःचीही अडचण होत होती. तरी त्याने दाखवलेली भेग खरी होती. लहर हवेत सोडली की ती सगळ्यांची होते, आणि ऐकणारं यंत्र बोलणाऱ्याला ओळखत नाही. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. इथे तर मुळात भिंतच नाही. फ्लेमिंग थोर शास्त्रज्ञ होते, पुढच्याच वर्षी त्यांनी इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह शोधून काढला. पण हे कसं घडलं, हा प्रश्न त्यांच्या हाताशी असताना ते हे कुणी केलं याच्याच मागे लागले, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१७ मध्ये बेल्जियममधला संशोधक मॅथी व्हॅनहूफ याने घरोघरीच्या वाय-फायचं संरक्षण करणाऱ्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीतच दोष असल्याचं दाखवून दिलं. फोन आणि राउटर एकमेकांशी किल्ली ठरवतात तेव्हा मधला माणूस जुनीच किल्ली पुन्हा वापरायला लावू शकत होता. व्हॅनहूफने आधी उत्पादकांना कळवलं, दुरुस्तीला वेळ दिला आणि मगच ऑक्टोबरमध्ये ते जगासमोर मांडलं. कुणाची फजिती नाही, कवन नाही. ११४ वर्षांत आपण एवढं शिकलो, ही मला मोठी गोष्ट वाटते.

मॅस्कलिननेही निदान आपण आत शिरलो हे ओरडून सांगितलं. खरी भीती आहे ती गुपचूप शिरणाऱ्याची. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं मेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारी ईमेल गेली होती. तिचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरी पोचले. त्या घरातल्या माणसाचा कटाशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्यांनीच वापरलं होतं. पण पत्ता त्याचा निघाला, म्हणून दहशतवादविरोधी पथकाच्या प्रश्नांना उत्तरं त्यालाच द्यावी लागली.