‘रुचिरा’ करायला घेतलीस, तर

चि. सई हिस,


कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’तला एकूण एक पदार्थ वर्षभरात करायचा तुझा बेत कळला. ‘ज्युली अँड ज्युलिया’ सिनेमा पाहून हे तुझ्या डोक्यात आलं, असं तुझी आई म्हणाली. न्यूयॉर्कच्या ज्युली पॉवेलने २००२ मध्ये नोकरी सांभाळून ज्युलिया चाइल्डच्या फ्रेंच पाकपुस्तकातले ५२४ पदार्थ वर्षभरात करायला घेतले आणि तडीस नेले. तिची जिद्द जरूर घे, वर्षाची अट मात्र सोड.

बेत चांगलाच आहे. आवडीचे दहा पदार्थ कुणीही करतं. सगळे करायचे म्हटलं की किचकट आणि नावडत्यांनाही हात लावावा लागतो, आणि स्वयंपाक तिथेच येतो. कमलाबाईंनी मापं वाटी-चमच्यांत दिली आहेत, तेव्हा घरातली एकच वाटी ठरव आणि बदलू नकोस. पहिल्या खेपेला पुस्तकाबरहुकूम कर, आपली अक्कल दुसऱ्या खेपेला.

क्रम मात्र पानांचा नको, कालनिर्णयाचा धर. आंब्याची डाळ चैत्रातच, कैरी करकरीत असताना. ऐन थंडीत कैरी शोधत हिंडलीस तर यादीत खूण होईल, डाळीला चव येणार नाही.

आता अनारसेच घे. ऑफिसातून आल्यावर करू म्हणून ते होत नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग उपसून सावलीत कपड्यावर पसरायचे, आणि दमट असतानाच दळून बारीक चाळणीने चाळायचे. त्यात किसलेला गूळ, थोडं तूप घालून गोळा डब्यात दाबून ठेवायचा आणि चार-पाच दिवस मुरू द्यायचा. खसखशीवर थापलेला अनारसा, खसखस वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, म्हणजे तुपात फुटून पसरतो. म्हणून थोडं कोरडं पीठ आधीच बाजूला काढून ठेव; हसायला लागला तर गोळ्यात तेच मिसळायचं. किती मिसळायचं ते पुस्तक सांगू शकत नाही. एखादा अनारसा तळून बघितला की कळतं.

तेव्हा प्रत्येक पदार्थाशेजारी पेन्सिलीने तारीख लिही आणि काय बिघडलं तेही लिही. सगळं संपायला दोन-तीन वर्षं लागली तर लागू देत. पहिल्या दिवाळीत हसलेला अनारसा पुढच्या दिवाळीत जाळीदार होतो. वर्षाची अट घातलीस तर ती दुसरी दिवाळी तुला मिळणारच नाही.

तुझी,
मोठी मावशी