अखंड अभिषेक

श्रावणात पिंडीवर आपण गळती टांगतो. पात्र रिकामे झाले की ते भरावयास कोणाचा तरी हात लागतो. परंतु मानवी हाताविना युगानुयुगे चालत आलेली एक गळती आंध्र प्रदेशाच्या नंद्याल जिल्ह्यात, बेलम येथील गुहेत पाहावयास मिळते.

ही गुहा चुनखडीच्या खडकात पाण्याने कोरलेली आहे. १८८४ साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने तिची नोंद केली, १९८२-८३ मध्ये जर्मन संशोधकांनी तिचे मोजमाप केले आणि २००२ साली ती प्रवाशांस खुली झाली. तिची ज्ञात लांबी ३,२२९ मीटर आहे. तिच्यातील एका दालनास 'कोटिलिंगालु' असे नाव आहे. तेथे छतापासून लिंगाकार पाषाणांचे घोसच्या घोस उतरले आहेत.

हे घडते कसे? पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते आणि चुनखडी विरघळवीत खाली झिरपते. गुहेत थेंब लोंबकळतो, तेव्हा तो वायू निघून जातो व चुन्याचा सूक्ष्म कण मागे राहतो. अशा कणाकणाने पाषाण वाढतो. शंभर वर्षांत त्याची वाढ बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपासच!

गेल्या वर्षी आम्ही काही मंडळींसह तेथे गेलो होतो. परतल्यावर एका सद्गृहस्थांनी पिशवीतून बोटभर लांबीचा पाषाण काढून आमच्या वडिलांपुढे ठेवला व म्हणाले, "गुरुजी, स्वयंभू देव आणला आहे. याची देवघरात स्थापना करून द्या." वडील क्षणभर निःशब्द झाले. मग म्हणाले, "काका, देव आणताना आपण त्याचे घर मोडले. त्याचा अभिषेक आपण थांबविला, आता मी कोणता करू?"

काकांचे डोळे पाण्याने भरले. त्यांचा भाव खोटा नव्हता. आम्हासही मान वर करवेना. कारण त्या दालनात तो गार पाषाण कुरवाळण्यास आमचाही हात पुढे झाला होता. हाताचे तेल लागले की पाषाण काळवंडतो व पुढचा कण त्यावर नीट बसत नाही, हे आम्हास मागाहून कळले. म्हणजे भक्तीने केलेला स्पर्शही तेथे घावच ठरतो.

वडिलांनी काकांस मूठभर माती आणावयास सांगितले व तिचे पार्थिव लिंग करून दिले. सकाळी घडवावे, पूजावे, सायंकाळी विसर्जन करावे. आपण घडविलेले आपण विसर्जित करू शकतो. जे पाण्याने सहस्र वर्षांत घडविले, ते मोडण्याचा अधिकार आपणास नाही.

तो तुटलेला पाषाण आज आमच्या फडताळात कोरडा पडून आहे. तो पुन्हा जोडता येत नाही. म्हणून, भाविकहो, बेलमला अवश्य जा. दर्शन डोळ्यांनी घ्या आणि हात जोडलेलेच ठेवा. जोडलेले हात काही तोडू शकत नाहीत.

॥ श्रीसांबसदाशिवार्पणमस्तु ॥