बऱ्या दिवसांचे कर्तव्य

पुष्कळ आजारांची ओळख एका तपासणीत पटते. ताप मोजता येतो, हाड मोडलेले एक्स-रेमध्ये दिसते. द्विध्रुवीय विकार, ज्याला आता घरोघरी बायपोलर म्हणतात, तो मात्र दीर्घ काळ पाहूनच ओळखावा लागतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद आणि अवसाद यांना एकाच आजाराची दोन रूपे मानले आणि इतर मनोविकारांपासून त्याला वेगळे काढले, ते मुख्यतः त्याच्या वाटचालीवरून. उन्माद येतो, ओसरतो. अवसाद येतो, ओसरतो. आणि या दोहोंच्या मध्ये माणूस बहुधा पूर्ववत असतो. या मधल्या काळाविषयी फारसे बोलले जात नाही. या आजारातील खरे काम मात्र त्याच काळात करावयाचे असते, अशी माझी अनुभवान्ती धारणा झाली आहे.

माझ्या थोरल्या बंधूंना हा विकार आहे. येथे लिहितो आहे ते त्यांच्या संमतीने. दादा अमरावती जिल्ह्यातील एका शाळेत गणित शिकवीत. प्रथम आला तो अवसाद. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीही न सोडता टेबलावर पडून राहिला. वहिनींनी काढून ठेवलेले आंघोळीचे पाणी निवून जाई आणि दादा खाटेच्या कडेवर तसेच बसलेले असत. औषधोपचाराने ते सावरले. पुढे काही काळाने निराळे दिवस आले. रात्री जेमतेम दोन-अडीच तास झोपून ते पहाटे भूमितीचे नवे पुस्तक लिहावयास बसत. थकव्याचा मागमूस नसे. एक वाक्य पुरे होण्याआधी दुसरे सुरू होई. एके दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गावाबाहेरच्या प्लॉटची इसारपावती निघाली. विद्यार्थ्यांसाठी तेथे वेधशाळा उभारावयाची होती, आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम इसारात गेली होती.

अवसादातील माणसाला आपले काही बिघडले आहे हे बहुधा जाणवते. उन्मादातील माणसाला मात्र आपण यापूर्वी इतके बरे कधीच नव्हतो, असे वाटत असते. म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो खिन्नतेची तक्रार घेऊन. उत्साहाची तक्रार कोण करील? योग्य निदानास अनेकदा वर्षे लागतात, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. निदान चुकल्यास केवळ नैराश्यावरील औषधाने काही रुग्णांत उन्माद उसळू शकतो. जाणते डॉक्टर त्यामुळे घरच्यांनाही विचारतात: झोप किती, खर्च किती, बोलणे किती? मनाच्या आजाराची साक्ष अशी घरातील साध्या व्यवहारांकडून काढावी लागते.

उपचाराचा इतिहासही संयम शिकविणारा आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर लिथियमचा गुण येतो असे दाखविले. लिथियम हा निसर्गातील एक हलका धातू. त्याचे क्षार औषध म्हणून देतात. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी काटेकोर चाचण्यांनी त्याची उपयुक्तता सिद्ध केली. आत्महत्येचा धोका कमी करण्यातही त्याचा वाटा मोठा आहे. पण उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे. रक्तातील प्रमाण साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर असावे लागते. ते पाहण्यासाठी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावयाचे असते. त्या दिवशी सकाळची गोळी दादा पुडीत बांधून खिशात नेतात आणि रक्त देऊन झाल्यावर लॅबच्या बाकावरच घेतात. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणीही नियमाने होते. विदर्भाच्या मे महिन्यात घाम जाऊन पाणी कमी पडले, कोणी अळणी उपवास धरला, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेनची गोळी परस्पर आणली, तरी लिथियमचे प्रमाण वाढू शकते. हातांची वाढलेली थरथर, उलट्या, अडखळती चाल ही त्याची इशारत असते. बरे वाटू लागले म्हणून औषध एकाएकी सोडले, तर आजार परतण्याची भीती मोठी. त्यामुळे येथे नित्यनेमाला औषधाइतकेच मोल आहे.

तथापि दक्षतेलाही तिचा एक दोष आहे. पुतण्याच्या लग्नात दादा कशावर तरी मोठ्याने हसले आणि मांडवात आम्हा चौघांच्या नजरा एकमेकांकडे वळल्या. ते त्यांनी पाहिले. शांतपणे म्हणाले, "अरे, मी नुसता हसलोय." ज्याच्या आनंदावरही पहारा बसतो, त्याचे दुःख आजाराहून मोठे असते. त्याने खिन्न असू नये, फार प्रसन्नही असू नये, अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला मनुष्यपणातून वजा करणे होय.

यातून मार्ग काढला तो दादांनीच, चांगल्या दिवसांत. त्यांनी एका वहीत आपल्या आजाराची पूर्वचिन्हे स्वतःच्या अक्षरात लिहून दिली: सलग दोन रात्री अपुरी झोप आणि तरीही ताजेपणा, मध्यरात्रीनंतरचे फोन, न विचारता केलेला मोठा व्यवहार. ही चिन्हे दिसली की वहिनींनी डॉक्टरांना कळवावे आणि बँकेची कार्डे आपल्या ताब्यात घ्यावी. मला म्हणाले, "तेव्हा मी रागावेन, तुला नाही-नाही ते बोलेन. तू त्या वेळचं माझं ऐकू नकोस, आजचं ऐक." या लेखनामुळे आमची नजर त्यांच्या मुद्रेवरून हटली आणि ठरलेल्या खुणांवर स्थिरावली. हसणे पुन्हा केवळ हसणे झाले.

कायद्यानेही या विचाराला स्थान दिले आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला, पुढे स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता न राहिल्यास, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते. आपला प्रतिनिधीही नेमता येतो. तातडीच्या उपचारांना हा निर्देश लागू नसतो. तरीही मनोरुग्णाला स्वतःचा विवेक असतो आणि तो बाजूला सारता येत नाही, ही त्यामागील मान्यता मला मोलाची वाटते. आपल्या समाजात ती अजून रुजावयाची आहे. मुलीचे स्थळ मोडेल म्हणून तिच्या वडिलांच्या गोळ्या धान्याच्या डब्यात दडविल्या जातात. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा आहे हे खरे. परंतु आई किंवा वडील आजारी असले, तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही, हेही तितकेच खरे.

कर्तव्य म्हटले की आपल्यासमोर संकटाचे प्रसंग उभे राहतात: इस्पितळ, धावपळ, जागरण. ते करावेच लागते, आणि माणसे ते करतातही. त्याहून कठीण असते ते काहीच घडत नसताना गोळीची वेळ पाळणे, झोपेची नोंद ठेवणे आणि रागलोभ निवळलेला असताना पुढचे बोलून ठेवणे. सांभाळणारा येथे केवळ रक्षक राहत नाही. रुग्णाने शुद्ध विवेकाने केलेल्या निश्चयाचा तो विश्वस्त होतो. पुढे उन्मादात दादा मला शत्रू मानतील, तेव्हा मी चालवीन ती सत्ता माझी नसेल. त्यांनीच दिलेल्या आज्ञेचे ते पालन असेल. ही मर्यादा जोवर ध्यानात राहील, तोवरच आमच्या काळजीला त्यांच्या आयुष्यात हात घालण्याचा अधिकार आहे.